विषय: वांगाच्या (चेहऱ्यावरच्या काळपट डागांच्या) 'कॉम्बो' पॅकेजबद्दल तक्रार आणि उरलेल्या पैशांची मागणी

प्रति,
व्यवस्थापक, मुख्य कार्यालय

तुमच्या कॉल सेंटरचा फोन आत्ताच ठेवला आणि लिहायला बसले. नमस्कार-चमत्कार पुढच्या पत्रात, वेळ आली तर.

तुमच्या नाशिकच्या शाखेत वांगासाठी गोळ्या, क्रीम आणि लेझर असं एकत्र पॅकेज घेतलं. पैसे आगाऊ भरून. त्यात काय असतं ते मी सांगायला नको, तुम्हीच विकता: ट्रॅनेक्सामिक ॲसिडची २५० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ, रात्री हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइडचं तिहेरी क्रीम, वर १०६४ नॅनोमीटरच्या लेझरचं 'टोनिंग', म्हणजे डाग फिके करायला चेहऱ्यावर फिरवलेलं लेझर. तिन्ही एकत्र देण्याला माझी हरकत नाही. वांग चिवट असतं, नुसत्या क्रीमने दबतं आणि पुन्हा वर येतं. औषध चालू ठेवून हलक्या हाताने लेझर केलं तर काहींना फरक पडतो, हे मलाही ठाऊक आहे. हरकत एवढीच, की तुमच्याकडे त्यावर लक्ष ठेवणारं कोणी नव्हतं.

डॉक्टर पहिल्या दिवशी दिसले, नंतर त्यांचा फक्त भिंतीवरचा फोटो. लेझर थेरपिस्ट मुलीच्या हातात. 'आज जरा पॉवर वाढवते मॅडम, रिझल्ट लवकर येईल.' क्रीमने चेहरा सोलवटला होता, लाल होता, ते बघून थांबायला हवं होतं. ती थांबली नाही आणि तिला थांबायला सांगणारंही कोणी नव्हतं. तिहेरी क्रीम साधारण आठ आठवड्यांचं, पुढे डॉक्टरांनी पाहूनच द्यायचं. तुमचं काउंटर ट्यूबमागून ट्यूब देत राहिलं, बिलासकट.

गोळ्यांचं तर विचारूच नका. मूळ रक्तस्राव थांबवणारं औषध ते. देण्याआधी रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास, गर्भनिरोधक गोळ्या, हे विचारायला हवं. माझ्या आईला पायाच्या शिरेत गुठळी झाली होती. तुमच्या फॉर्मवर हा प्रश्नच नाही. 'त्वचा तेलकट की कोरडी' आहे, 'आमच्याबद्दल कुठून कळलं' आहे.

आज परिस्थिती अशी, की कपाळावरचे डाग आधीपेक्षा गडद आहेत आणि दोन्ही गालांवर तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके. वारंवार टोनिंग केल्यावर असे ठिपके पडू शकतात, हे तुमच्या डॉक्टरांना माहीत असणारच. मला ते पॅकेज विकताना कोणी सांगितलं नाही.

आता आजचा फोन. तुम्ही तो रेकॉर्ड करता म्हणे, तेव्हा कृपया ऐका. मी म्हटलं, गालावर पांढरे ठिपके पडलेत, डॉक्टरांशी बोलायचंय. पलीकडून अतिशय गोड आवाजात, 'पण मॅडम, पांढरं म्हणजे पिगमेंट गेलंय ना? म्हणजे ट्रीटमेंट काम करतेय.' मी विचारलं, फोटो पाहिलेत का? 'हो मॅडम, सिस्टिमला आहेत.' कोणत्या गालाचे? होल्ड. होल्डवर तुमचीच जाहिरात, डागविरहित त्वचेची. परत आल्या त्या हे घेऊन: 'तुमच्या वयाच्या मानाने रिझल्ट छान आहे मॅडम.' माझं वय ४३. मी काही बोलायच्या आत पुढे, 'आणि उरलेली त्वचा त्या लाइट भागाशी मॅच करायला आमचं नवीन पॅकेज आहे. आज बुक केलंत तर वीस टक्के सूट.'

म्हणजे ठिपके तसेच ठेवायचे आणि बाकीचा चेहरा त्यांच्या रंगाला आणायचा! ही कल्पना ज्या कोणाला सुचली त्याला बढती द्या, तो वाया चाललाय.

मी पुन्हा डॉक्टर मागितले. 'डॉक्टर क्लायंटशी फोनवर बोलत नाहीत.' क्लायंट. गोळ्या लिहून देताना मी पेशंट होते.

मला माझी पूर्ण फाइल हवी: प्रत्येक वेळी लेझरची ताकद किती होती, लेझरच्या किरणाचा स्पॉट केवढा होता, मशीन कोण चालवत होतं, गोळ्या कोणी लिहून दिल्या. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे, असं भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. न झालेल्या सत्रांचे पैसे परत हवेत. 'पैसे परत मिळणार नाहीत' हे पावतीवर तुम्ही छापलंय, मी नाही. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार, मग जिल्हा ग्राहक आयोग, आणि डॉक्टरांबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषद. हे सगळं करायला मला कंटाळा येणार नाही.

वाईट याचं वाटतं, की तुमचं नाव ऐकून विश्वास ठेवला होता. धाकट्या जावेनेही तुमच्याकडेच नाव घातलंय. तिला याच गोळ्या सुरू आहेत आणि गुठळ्यांबद्दल तिलाही कोणी विचारलेलं नाही. निदान तिला तरी आजच्या आज विचारा.

उत्तर लेखी आणि डॉक्टरांच्या सहीचं हवं. सूट द्यायला फोन आला तर तो मीही रेकॉर्ड करणार आहे, क्वालिटीसाठी.

तुमची क्लायंट
(नाव आणि फोन नंबर तुमच्या सिस्टिमला आहेत)