ताई, माझा होकार माझा राहिला

ताई,

तुमचं नाव या पत्रात घालायचं नाही असं तुम्हीच बजावलंत, वर माझंही घालू नकोस म्हणालात. तेव्हा वाचणाऱ्यांना एवढंच सांगते: मी वसईची, कुपारी या तिथल्या ख्रिस्ती समाजातल्या घरातली मुलगी. सिस्टरांच्या एका संस्थेत नोव्हिस, म्हणजे व्रतांआधीची शिकाऊ, आहे, पहिली व्रतं घ्यायची तयारी चालू आहे. आणि गेला बराच काळ मी तुमच्याकडे ट्रॉमा थेरपीसाठी येते. या दोन गोष्टी एकाच वेळी चालू शकतात हे आमच्याकडे कुणी मोठ्याने बोलत नाही. म्हणून आभार चारचौघांत मानते आहे.

पोस्ट्युलंट, म्हणजे नोव्हिस होण्याआधीची उमेदवार, होते तोवर सगळे मला गुणी मुलगी म्हणायचे. सांगितलं ते ऐकते, उलट बोलत नाही. नोव्हिसांना घडवणाऱ्या सिस्टरना, आमच्या नोव्हिस मिस्ट्रेसना, मात्र खटकलं. रात्री दिवे मालवल्यावर कॉरिडॉरमध्ये पावलं वाजली की मी अंथरुणात उठून बसायचे, आणि चपला उशाशी असायच्या. बाबा पिऊन यायचे तेव्हा आईला घेऊन मागच्या वाडीत पळावं लागायचं. अंधारात चपला शोधत बसायला वेळ नसायचा. सिस्टर रागावल्या नाहीत. "पाचारण खरं असेल तर ते थांबेल, आधी हे बघू," म्हणाल्या आणि तुमचा पत्ता दिला.

पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, फी कोण भरणार? संस्था, मी म्हटलं. "मग मला आधी त्यांच्याशी बोलायला हवं." मला वाटलं, झालं, आता सगळं तिकडे पोचणार. तुम्ही उलटंच केलंत. फी संस्थेची, पण इथे बोललेलं हिचं, असं कागदावर लिहून घेतलंत आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं गोपनीयतेचं कलम पुढे ठेवलंत. मिस्ट्रेस हसल्या. आमच्या कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, कलम २२० मध्येही प्रत्येकाच्या खासगीपणाचा हक्क आहे, आणि ६३० म्हणतं की मनातलं आपल्याजवळ उघड करायला वरिष्ठांनी कुणालाही भाग पाडू नये, असं त्यांनी सांगितलं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. माझ्याबद्दल माझ्यासमोर एवढं नीट बोलणारी दोन मोठी माणसं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

तुम्ही ख्रिस्ती नाही, त्यामुळे धास्ती होतीच. घरातून सुटका हवी म्हणून कॉन्व्हेंटमध्ये चाललीस, हे मावशीपासून सगळ्यांनी ऐकवून झालं होतं. तुम्हीही तेच म्हणाल असं वाटायचं. दुसऱ्या बाजूला, एका रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थना-शिबिरात, मला सांगितलं होतं, बापाला क्षमा कर, प्रार्थना वाढव, सगळं निघून जाईल. क्षमा केली, रोज केली. चपला उशाशीच. तुम्ही या दोन्हींतलं काहीच बोलला नाहीत. "तुझा देव रागावला की कसा दिसतो?" एवढंच विचारलंत. उत्तर द्यायला मला पुढची भेट उजाडली. बाबांसारखा.

वाडीत पळालो त्यातल्या एका रात्रीच्या आठवणीला हात घालण्याआधी कितीतरी भेटी पाय जमिनीवर टेकवणं, खोलीतल्या पाच वस्तू बघून सांगणं, श्वास लांब सोडणं यातच गेल्या. खरं सांगते, मला तो पोरखेळ वाटायचा. मग ईएमडीआर नावाची उपचारपद्धत. तुमची दोन बोटं डावीकडून उजवीकडे, माझे डोळे त्यांच्या मागे आणि मनात ती रात्र. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये या पद्धतीची शिफारस केली आहे हे तुम्ही सांगितलं नसतं, तर मी हा अंगाऱ्या-धुपाऱ्याचाच प्रकार समजले असते. एकदा बोलता बोलता मी कादोडीत, आमच्या घरच्या बोलीत, घसरले. तुम्हाला निम्मं कळलं नसणार, पण तुम्ही थांबवलं नाहीत. अशा दिवशी थेट चॅपेलमध्ये जाऊ नकोस, आधी जेव, मग आडवी हो, हेही तुम्हीच सांगितलंत. स्वयंपाकघरातल्या सिस्टर न विचारता भात झाकून ठेवायच्या.

दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. लोक ब्रह्मचर्याबद्दल विचारतात. माझी अडचण आज्ञापालनाची होती, आणि ती कुणालाच दिसत नव्हती, कारण मी ते फार छान करायचे. आवाज चढला की माझ्या तोंडून "हो" निघायचं, समोरचा काय म्हणाला ते नंतर कळायचं. "'नाही' म्हणून बघितलंयस कधी?" तुम्ही विचारलंत. त्याच आठवड्यात मिस्ट्रेसनी बागेतली पाळी बदलायला सांगितली आणि मी म्हटलं, "नाही सिस्टर, मला जमणार नाही." पाठीवर घामाची धार लागली. त्या म्हणाल्या, "बरं," आणि मेथी निवडत राहिल्या.

त्यानंतर मला कळलं की मी आजवर व्रताचा विचारच केला नव्हता. नोव्हिशिएट, म्हणजे नोव्हिसपणाचा काळ, किमान बारा महिन्यांचं असतं. शंका असेल तर ते आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवता येतं. ती वाढ मी स्वतः मागितली. तुम्ही "घे" म्हणाला नाहीत, "नको"ही नाही.

माझ्या मागून आलेल्या मुली हळूच विचारतात, "सिस्टर, तुम्हाला काय झालंय?" मी त्यांना पोप फ्रान्सिस यांचं सांगते. बेचाळिसाव्या वर्षी, जेजुइट धर्मगुरू असताना, ते सहा महिने दर आठवड्याला एका ज्यू मनोविश्लेषक बाईंकडे जात होते, आणि २०१७ मध्ये त्यांनी ते स्वतःच जाहीर केलं. एकीने लगेच विचारलं, "मग फी कोणी भरली?" ही पोरगी तुमच्याकडे पाठवायला हवी.

व्रतग्रहणाला येणार नाही म्हणालात. लोक विचारतील या कोण, आणि उत्तर तुला द्यावं लागेल, म्हणालात. पटलं, तरी वाईट वाटलंच. बाबांना बोलवायचं का, हे अजून ठरलेलं नाही. आई बोलाव म्हणते, मोठा भाऊ नको म्हणतो. दोघांनाही मी सांगितलंय की पत्रिका छापायच्या आधी मी ठरवून कळवीन.

तुमची,
एक नोव्हिस