जिन्याला दुसऱ्या बाजूचे रेलिंग हवे, आणि आणखी थोडेसे

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती

विषय : पुनर्विकासाची वाट न पाहता बी विंगच्या जिन्यात करून घ्यायची कामे

स. न. वि. वि.

मागच्या सर्वसाधारण सभेत जिन्याचा विषय निघाला आणि ‘रिडेव्हलपमेंट होणारच आहे, आता कशाला खर्च’ या एका वाक्यावर मिटला. रिडेव्हलपमेंटला आमचा विरोध नाही. पण अहवाल, निविदा, बिल्डरची निवड, करार, पालिकेची मंजुरी हे सगळे पार पडेपर्यंत घोंगडे भिजतच राहणार. तोवर दूध, भाजी, औषधे, बँक यांपैकी कशासाठीही बाहेर पडायचे तर तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला ५४ पायऱ्या उतरून पुन्हा ५४ चढाव्या लागतात. लिफ्ट बसवायला जागा नाही, त्यामुळे तो वाद उकरत नाही. आहे तोच जिना वापरण्याजोगा करावा, एवढेच मागणे आहे. खालची मापे टेप लावून घेतली आहेत.

सर्वांत निकडीचे काम भिंतीकडच्या रेलिंगचे. आज रेलिंग फक्त आतल्या बाजूला आहे. चढताना ते ज्या हाताला येते, उतरताना त्याच्या विरुद्ध हाताला. एक बाजू अधू असलेल्या माणसाला म्हणजे येता-जाताना एकदा तरी चुकीच्या हाताने धरावे लागते, किंवा धरताच येत नाही. चढताना दम लागतो हे खरे, पण माणूस पडतो तो बहुधा उतरताना.

पाइप ३८ ते ४० मिमी व्यासाचा असावा. त्याहून जाड घेतला तर बोटे पूर्ण वळत नाहीत आणि संधिवाताच्या हाताला पकड मिळत नाही. दिसायला भारदस्त म्हणून दोन इंची पाइप सुचवला जाईल, तो घेऊ नये. उंची पायरीच्या कडेपासून ३४ ते ३६ इंच, भिंतीपासून अंतर दोन इंच, नाहीतर बोटांची हाडे प्लास्टरवर घासतात. ब्रॅकेट पाइपला खालून जोडलेला हवा. बाजूने जोडला तर दर तीन फुटांवर हात सोडून पुन्हा धरावा लागतो आणि रेलिंगचा अर्धा उपयोग तिथेच संपतो. पाइप पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या पुढे एक-एक फूट सरळ न्यावा आणि टोक भिंतीकडे वळवावे. सध्याचे रेलिंग शेवटच्या पायरीच्या आधीच संपते, म्हणजे नेमक्या गरजेच्या जागी हातात काही नसते. उघड्या टोकात पदर आणि पिशवीचे बंद अडकतात ते वेगळेच.

दर मजल्याला ९ पायऱ्यांचे दोन टप्पे. एका टप्प्याला दोन्हीकडच्या वाढीव फुटासह ११ फूट पाइप, सहा टप्प्यांना ६६ फूट. तीन फुटांवर एक धरला तर ब्रॅकेट २४.

आता खरी गोम. आपली भिंत नऊ इंची विटांची आहे आणि प्लास्टर ठिकठिकाणी पोकळ वाजते. फॅब्रिकेटर सवयीने प्लास्टिकचा गुल्ला ठोकून स्क्रू पिळतील. तो महिन्या-दोन महिन्यांत हलू लागतो, आणि हलणारे रेलिंग नसलेल्यापेक्षा वाईट, कारण माणूस त्यावर भरवसा ठेवतो. फुगणारा फास्टनर काँक्रीटमध्ये उत्तम, विटेत मात्र तो वीटच फोडतो. इथे केमिकल अँकर, म्हणजे रसायनाने विटेत चिकटवलेला बोल्ट, लागेल : प्लास्टर सोडून विटेत किमान तीन इंच छिद्र, ब्रश आणि हातपंपाने आतली सगळी धूळ बाहेर, जाळीची नळी, मग रसायन. धूळ राहिली तर रसायन धुळीला चिकटते, विटेला नाही, आणि अख्खा बोल्ट हातात येतो. पाकिटावर लिहिलेला वेळ जाईपर्यंत पाइप चढवू नये. बिल देण्याआधी दोन धडधाकट माणसांनी प्रत्येक ब्रॅकेटजवळ लोंबकळून पाहावे.

पाइपचे स्टेनलेस स्टील ३०४ ग्रेडचे हवे. लोहचुंबक लावून खात्री करू नये. स्वस्तातल्या २०२ लाही चुंबक चिकटत नाही, पण आपल्याकडच्या दमट हवेत ते लवकर गंजते. तपासणीचे द्रावण मिळते, त्याचा थेंब समितीच्या माणसासमोर टाकायला लावावा.

पायऱ्यांच्या कडा. पायऱ्यांचा कोटा दगड घासून गुळगुळीत झाला आहे आणि वरून पाहिले तर सगळ्या पायऱ्या मिळून एकच करडा उतार दिसतो. मोतीबिंदू असलेल्यांना तर कड दिसतच नाही. दुभिंगी चष्मा असेल तर खालची काच वाचण्यासाठी, म्हणजे सुमारे दीड फुटासाठी असते. पायरी डोळ्यांपासून पाच फुटांवर, त्यामुळे ती धूसर. उपाय म्हणजे प्रत्येक पायरीच्या कडेला दोन इंचांचा पिवळा पट्टा. अख्खी पायरी रंगवली तर कड पुन्हा हरवते. खरखरीत चिकटपट्टी टिकणार नाही, कारण रोजच्या ओल्या फडक्याने तिचे कोपरे सुटतात आणि सुटलेला कोपराच पाय अडकवतो. त्याऐवजी कडेपासून एक इंच आत ग्राइंडरने तीन मिमी खोल अशा तीन खाचा माराव्यात आणि त्यांत रंग भरावा. एक इंचाच्या अलीकडे खाच मारली तर कोट्याचा टवका उडतो. गणपतीच्या तोंडावर ऑइलपेंटचा हात मारायची आपली पद्धत जिन्यापुरती तरी बंद करावी. ऑइलपेंट ओला झाला की साबणासारखा सरकतो.

सगळ्यांत खालच्या पायरीबद्दल वेगळे लिहितो. आवारात पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा ६० मिमीचा ब्लॉक आणि खालची ग्रिट मिळून जमीन साडेतीन इंच वर आली. बाकी पायऱ्या साडेसहा इंचांच्या, ही तीन इंचांची. पाय पहिल्या दोन पायऱ्यांतच उंची शिकतो आणि पुढे न बघता तीच धरून चालतो. शेवटी जमीन अपेक्षेआधी येते, गुडघ्याला हिसका बसतो आणि तोल पुढे जातो. पायरीपुढचे चार फूट ब्लॉक काढले तर खाली जुना कोबा आहेच, म्हणजे मूळ उंची परत मिळेल. पुढे साडेतीन इंचांचा फरक १ : १२ उताराने भरायचा तर साडेतीन फूट लांबीचा उतार लागतो, तेवढी जागा आहे. उताराच्या पायथ्याशी पावसाचे पाणी साचेल, म्हणून तिथे जाळीची मोरी काढून बाजूच्या गटाराला जोडावी. जाळीच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या आणि फट अर्ध्या इंचाहून कमी, नाहीतर काठीचे टोक अडकते.

दिव्यांचे सेन्सर काढून टाकावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. हळू चालणारा किंवा दम घ्यायला थांबलेला माणूस या सेन्सरला दिसत नाही, आणि अर्ध्या जिन्यात अंधार होतो. बचत तरी किती? मजल्यावर एक आणि मधल्या लँडिंगवर एक असे तळमजल्यासह ९ वॅटचे ७ दिवे रोज १० तास जळले तर महिन्याला सुमारे १९ युनिट. संध्याकाळी लागून सकाळी विझणारा फोटोस्विच पुरेसा आहे. मधल्या लँडिंगवर दिवा हवाच. तो नसला तर उतरणाऱ्याची स्वतःची सावली पायरीवर पडते.

पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यांच्या वरच्या लँडिंगवर भिंतीला घडीची एक-एक बैठक लावावी, उंची १८ इंच, उठताना हाताशी रेलिंग येईल अशी. वापर नसताना ती भिंतीला टेकून राहते, त्यामुळे वाट अडत नाही. वाट अडते ती चपलांच्या रॅकनी आणि कुंड्यांनी. त्यातल्या काही कुंड्या सही करणाऱ्यांच्याच आहेत. त्या आम्ही या आठवड्यात उचलतो, बाकीच्यांना नोटीस समितीने द्यावी.

फुकटातले एक काम : जिना धुणे सकाळी सातऐवजी अकरानंतर ठेवावे आणि शेवटी कोरडे फडके मारावे.

पैशांबद्दल. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे आपण बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.७५ टक्के दराने दुरुस्ती निधी भरतो. तो याचसाठी आहे, मोठ्या बांधकामासाठी साठवलेल्या सिंकिंग फंडाला हात लावायची गरज नाही. इमारत पडेल तेव्हा पाइप काढून घेता येईल, ३०४ ला भंगारातही भाव असतो.

तीन कोटेशने मागवायला वरील मापे पुरतील. येत्या रविवारी सकाळी दहाला आम्ही टेप घेऊन जिन्यात असू. समितीपैकी कोणीतरी यावे, आणि दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन एकदा तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरून पाहावे.

आपले,
बी विंगमधील ज्येष्ठ सभासद
(सह्या सोबत जोडल्या आहेत)