जीर्णोद्धाराच्या आधी एकदा देगाव पाहून या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की आपल्या अंकात खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिकोडी तालुक्यांतल्या मंदिर जीर्णोद्धाराच्या आणि कळसारोहणाच्या बातम्या सुरू होतात. माहेरवाशिणी येतात, मुंबई-पुण्याला नोकरीला गेलेली मुलं भरघोस वर्गणी पाठवतात, गावातली जुनी भांडणं चार दिवस का होईना बाजूला पडतात. हे सगळं मला मनापासून आवडतं. देवाच्या कामात मोडता घालावा, असं मनातही नाही. पण या बातम्यांत एक गोष्ट कधी छापून येत नाही. पाडलेलं देऊळ किती जुनं होतं आणि त्याचे दगड कुठे गेले? त्यासाठीच हे पत्र.

आमच्या पंचक्रोशीतल्या एका गावचं देऊळ मी लहानपणापासून पाहत आलो. देऊळ बेताचंच, पण सभामंडपाचे खांब जुने, वेलबुट्टीचे. काम घेतलेल्या ठेकेदाराने खांबांवरची काजळी काढायला ग्राइंडर लावला. काजळी गेली आणि वेलबुट्टीही गेली. आता खांबावर ग्राइंडरच्या चाकाचे अर्धगोल चरे दिसतात, तेही जवळ गेलं तरच, कारण वरून सोनेरी ऑइलपेंटचे दोन हात दिलेत. बाहेर पारापाशी एक वीरगळ उभा होता. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या पट्टीत शिवलिंगापुढे बसलेला तोच वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. गावासाठी जीव दिलेल्या कुणा पूर्वजाची एवढीच काय ती खूण. तो वीरगळ आता हातपाय धुण्याच्या नळाखाली पालथा घातलाय. वाईट बुद्धीने कुणी काही केलं नाही, हे मला ठाऊक आहे. त्या दगडाची किंमत सांगायला कुणी आलंच नाही.

म्हणून माझं सगळ्या देवस्थान कमिट्यांना हात जोडून सांगणं आहे. आराखडा करण्याआधी पंचांनी एक गाडी करावी आणि गावच्या गवंड्याला सोबत घेऊन कित्तूरजवळच्या देगावला जाऊन यावं. तिथलं कमलनारायणाचं देऊळ ११७४ सालचं. गोव्याच्या कदंब घराण्यातला राजा शिवचित्त पेर्माडी, त्याची राणी कमलादेवी, तिच्यासाठी हे बांधलं गेलं आणि ते घडवणाऱ्या शिल्पीचं, तिप्पोजाचं, नाव आजही सांगितलं जातं. आपल्याकडे देणगीदारांची नावं संगमरवरावर येतात, पण काम करणाऱ्या कारागिराचं नाव कुणी लिहीत नाही. तिप्पोजाचं नाव मात्र साडेआठशे वर्षं टिकलं.

देगावला तीन गाभारे एका ओळीत आहेत. मधल्या गाभाऱ्यात नारायणाच्या मांडीवर बसलेली लक्ष्मी. समोरच्या लांबलचक ओसरीत कक्षासनावर, म्हणजे कडेच्या दगडी बाकावर, बसून खांबांकडे पाहावं. लेथवर कातल्यासारखे ते गोल खांब, एकाखाली एक उतरत गेलेली वलयं, आणि प्रत्येक वलयाची धार अजून बोटाला लागते. मान वर केली की छताला दगडी कमळ लोंबताना दिसतं. सोबतच्या गवंड्याला एवढंच विचारा, “हे आज करून देशील का?” आमच्या ओळखीचा एक गवंडी त्या ओसरीत बराच वेळ खांबाभोवती फिरत होता. नंतर म्हणाला, “भाऊ, याला रंग कशाला लावायचा?” मला आणखी वेगळं काय सांगायचंय?

परतीच्या वाटेवर हलशी घ्यावी. आपल्या खानापूर तालुक्यातलंच हे गाव, पण बेळगावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कित्येकांनी ते पाहिलेलं नसतं. हलशी ही गोव्याच्या कदंबांच्याही आधीच्या, बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी, तेव्हाचं नाव पलाशिका. भूवराह-नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर, एकात नरसिंह आणि दुसऱ्यात भूवराह. वराहाची ती मूर्ती ११८६-८७ मध्ये गोव्याच्या कदंबांतल्या विजयादित्याने बसवली. हलशीतला जैन वारसा याहूनही कितीतरी जुना. पाचव्या शतकात बनवासीच्या मृगेशवर्मा कदंबाने पलाशिकेत जिनालय बांधलं, हे आपल्याला ताम्रपटांमुळे कळलं. आणि ते ताम्रपट मिळाले कुठे? हलशीबाहेर नंदगडच्या वाटेला चक्रतीर्थ नावाची विहीर आहे, तिच्याजवळच्या मातीच्या ढिगाऱ्यात. एकोणिसाव्या शतकात जुने लेख वाचणाऱ्या इंग्रज अभ्यासक फ्लीटसाहेबांनी ते वाचून छापले म्हणून दीड हजार वर्षांपूर्वीचा आपला प्रदेश आपल्याला समजला. आज असा ढिगारा जेसीबी लावून एका सकाळीत सपाट होतो. त्यात काय होतं, हे पुढे कुणालाच कळत नाही.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, तर दारातच आहे. १२०४ साली रट्ट घराण्यातला राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने ती बांधली. मंडपाच्या छतातलं ते कमळ आणि त्याच्या ७२ पाकळ्यांवरचे तीर्थंकर पाहायला लांबून लोक येतात. पण बीचिराजाची हकीकत सांगणारे शके ११२७ चे बेळगावचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहेत. ते बेळगावातच असायला हवे होते असं मला वाटतं. तरी निदान कुणीतरी वाचले, छापले. आपल्या खेड्यांतले किती लेख ग्रॅनाइटखाली दडपले गेले असतील, या विचाराने अस्वस्थ व्हायला होतं.

ऑइलपेंटबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण “रंग लावला की दगड सुरक्षित राहतो” असं आपल्याकडे पक्कं बसलंय. होतं नेमकं उलट. दगड जमिनीतली ओल वर ओढतो आणि हवेत सोडतो. ऑइलपेंटने त्याची सगळी छिद्रं बुजतात, ओल आत अडकते आणि तिच्यासोबत आलेले क्षार पृष्ठभागाखाली साठून फुलतात. मग रंगाला फोड येतात आणि पापुद्रा निघतो, तो दगडाची वरची कातडी घेऊनच. नक्षी असते ती त्या वरच्या कातडीतच. सिमेंटचंही तसंच. सांध्यात सिमेंट भरलं की पाणी सांध्यातून निघायचं थांबतं आणि दगडाच्या कडा फुटायला लागतात. जुन्या लोकांनी चुना वापरला तो काही सिमेंट मिळत नव्हतं एवढ्यासाठीच नव्हे. चुना ओल सोडतो, झिजायची वेळ आली तर स्वतः झिजतो आणि दगड वाचवतो.

गावकऱ्यांची अडचण मला मान्य आहे. खानापूरचा पाऊस काय असतो ते आम्हाला वेगळं सांगायला नको. देऊळ गळतं, भजनाला बसायला जागा पुरत नाही, सप्ताहात मंडप घालावा लागतो. मग देवळापासून थोडं हटून नवा सभामंडप बांधा ना. त्याला फरशी घाला, पंखे लावा, हवे ते रंग द्या. जुन्या देवळाच्या शिखरावर उगवलेली पिंपळाची रोपं लहान असतानाच काढा, शिखराच्या भेगा चुन्याने भरा, चौथऱ्याभोवतीचं पाणी वाहून जाईल अशी गटार काढा. निम्मी गळती तिथेच थांबते आणि खर्चही नव्या बांधकामाच्या मानाने किरकोळ येतो.

कायद्याच्या भरवशावर मात्र राहता येणार नाही. कमल बस्ती, देगावचं देऊळ ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या धारवाड मंडळाकडची संरक्षित स्मारकं. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून अशा स्मारकाभोवती १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. पण वाडीवस्तीवरचं, यादीत नाव नसलेलं देऊळ पूर्णपणे गावाच्या हाती असतं. पंचांनी ठरवलं तर ते राहील, नाहीतर एका उन्हाळ्यात जाईल.

मदत मागायला जागा आहेत. धर्मस्थळाचा मंजुनाथेश्वर धर्मोत्थान ट्रस्ट कर्नाटकातली जुनी देवळं सोडवून, दगड न् दगड पुन्हा जागेवर बसवून उभी करून देतो. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात कन्नड संशोधन संस्था आहे, तिथे लेखांची जाण असलेली माणसं भेटतील. लेख कन्नडात निघाला म्हणून तो आपला नव्हे असं कृपा करून कुणी मानू नये. तो आपल्या गावचा आहे आणि त्यात आपल्याच गावची जमीन, तळी, देऊळ यांची नोंद असणार. काहीच जमलं नाही तर कामाला हात लावण्याआधी गावच्या मुलांना मोबाइल घेऊन पाठवावं. खांब, तुळया, उंबरा, वीरगळ, सतीशिळा, अक्षरं असलेला प्रत्येक दगड, सगळ्याचे सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढून ठेवावेत. तिरप्या उन्हात पुसट अक्षरंही उठून दिसतात.

देवदर्शनाला जाणाऱ्यांनाही एक विनंती. भिंतीवरच्या मूर्तीला तेल घालू नये, कोनाड्यात कापूर पेटवू नये. पूजा गाभाऱ्यातल्या देवाची करावी. मदनिकेच्या, म्हणजे भिंतीवरच्या कोरीव स्त्रीमूर्तीच्या, तोंडाला कुंकू फासून पुण्य लागत नाही, तिचं नाकडोळं मात्र भरून जातं.

संपादक महोदय, आपल्याकडे दोन मागण्या आहेत. जीर्णोद्धाराची बातमी घेताना आपल्या वार्ताहराने जुन्या देवळाचा एक फोटो आणि जुन्या दगडांचं काय केलं याची एक ओळ जरूर द्यावी. आणि रविवारच्या पुरवणीत सीमाभागातल्या खेड्यांमधल्या वीरगळांसाठी, शिलालेखांसाठी थोडी जागा ठेवावी, म्हणजे वाचक आपापल्या गावचे फोटो पाठवू शकतील. आमच्या पंचक्रोशीतल्या त्या वीरगळाचा जुना फोटो माझ्याकडे आहे, तो सोबत पाठवत आहे. नळाखालून दगड काढून पुन्हा पारापाशी उभा करावा यासाठी त्या गावच्या पंचांशी बोलणं सुरू आहे. आपण फोटो छापलात तर ते काम लवकर होईल.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
ता. खानापूर, जि. बेळगाव