धक्क्यावरच्या विजेचं बिल : होडीमालकांसाठी सूचना

सर्व सभासदांस नमस्कार,

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या शाकारल्या (पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर घेऊन झाकल्या) की धक्क्यावरच्या विजेवर वेल्डिंग, ग्राइंडर, बॅटरी चार्जिंग सुरू होतं आणि बिल मात्र सगळ्यांत सारखं वाटलं जातं. ज्याचं एका दिव्यावर भागतं, त्याच्यावर हा अन्यायच आहे. म्हणून यंदा प्रत्येकाने सबमीटर (आपल्या वापराचा वेगळा मीटर) बसवावा. रीडिंग घेताना मालक किंवा तांडेल (होडीचा प्रमुख) हजर हवा.

५०० वॅटचा हॅलोजन १० तास जळला की ५ युनिट होतात. ५० वॅटच्या एलईडीला तेवढ्याच वेळात अर्धा युनिट पुरतो. कृपया हॅलोजन काढाच.

खाऱ्या हवेने वायरचे जोड गंजतात, तापतात. उघडे जोड ओल्यात टाकू नका, तिथे आपलेच खलाशी अनवाणी फिरतात. ईएलसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर जोडणी मिळणार नाही.

– सचिव