टिक्स म्हणजे खोडी नव्हे

संपादक महोदय,
सतत डोळे मिचकावणारे, खाकरणारे, खांदा उडवणारे मूल वर्गात 'नाटकी' ठरते. टुरेट या मेंदूशी निगडित विकारातल्या या टिक्स, म्हणजे आपसूक होणाऱ्या हालचाली व आवाज, शिंकेसारख्या थोडा वेळ दाबता येतात. म्हणून 'मघाशी बरा गप्प होतास' हा युक्तिवाद चुकतो. दाबण्यातच सगळे लक्ष जाते, फळ्यावरचे डोक्यात शिरत नाही. शिक्षकांनी टोकू नये. दाराजवळचा बाक द्यावा, पाण्याच्या निमित्ताने दोन मिनिटे बाहेर जाऊ द्यावे, परीक्षेला वेगळी खोली द्यावी. (तोंडून शिव्या निघणे हे सिनेमातले चित्र, दहांत एखाद्यालाच तसे होते.)

ओसीडी (नको ते विचार आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा विकार) बरेचदा टुरेटच्या जोडीने येतो, आणि तिथला घोळ घरचा असतो. अक्षर 'बरोबर' वाटेपर्यंत खोडून पान फाडणाऱ्या मुलाला आई दहादा 'छान आलंय' म्हणते. दिलासा पाच मिनिटे टिकतो, शंका पुन्हा हजर. थेरपिस्टला विचारून उत्तर एकदाच द्यावे. खोडणे आधी दोन मिनिटे, पुढच्या आठवड्यात पाच मिनिटे पुढे ढकलावे. खोडरबर एकदम काढून घेतल्यास मूल बिथरते. आजी-आजोबांनाही हे सांगून ठेवा, नाहीतर दिलासा तिकडून मिळतो.

– समुपदेशक व विशेष शिक्षक, कोथरूड, पुणे