आधी वर्गात बसवा, कागद नंतर बघू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अनाथ मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की लोक म्हणतात शिक्षण तर फुकट आहे, मग अडतं कुठे? मीही बरीच वर्षं शिकवलंय आणि माझंही तेच मत होतं, पण एक मुलगी दोन आठवडे वर्गात दिसेना म्हणून चौकशी केली तर कळलं की परीक्षेच्या फॉर्मवर पालकांची सही हवी होती आणि तिला सांभाळणाऱ्या आजीला ऑफिसमधून परत पाठवलं होतं, तुम्ही कायदेशीर पालक नाही म्हणून. फीचा विषयच नव्हता, सगळं अडलं ते एका सहीपायी.

अनाथ म्हटलं की आपल्याला आश्रमच आठवतो. युनिसेफ मात्र १८ वर्षांखालच्या ज्या मुलाची आई किंवा वडील किंवा दोघंही गेलेत त्याला अनाथ धरतं, आणि जगभरातल्या अशा बहुतेक मुलांची आई किंवा वडील यातलं कुणीतरी एक हयात असतं, बाकीची बरीचशी आजी, मामा, नाहीतर मोठ्या बहिणीकडे राहतात. म्हणजे मुलं घरात आणि आपली मदत जाते संस्थेच्या दारात, कारण तिथे फोटोला सगळी एका रांगेत सापडतात (कडू वाटेल, पण बघितलंय मी). मग नातेवाईकही शाळा मिळेल म्हणून घरात नीट राहणारं मूल संस्थेत नेऊन ठेवतात. नुसत्या गरिबीपायी मुलाला आईवडिलांपासून वेगळं करू नका असं संयुक्त राष्ट्रांनी २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहून ठेवलंय, वाचतं कोण.

संयुक्त राष्ट्रांच्याच १९८९ च्या बालहक्क करारात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत म्हटलंय, जन्मनोंदणीही लगेच व्हावी असं आहे. पण नोंदणीआधीच आईवडील गेले तर त्या मुलाचा दाखला आणायचा कोणी? तोवर त्याने घरी बसायचं का? ॲडमिशन आधी द्या, कागद शाळेने आणि अधिकाऱ्यांनी मिळून नंतर जमवावेत.

आणि अजून एक, मोठी बहीण शाळेत येत नाही कारण धाकट्याला सांभाळायला घरात दुसरं कोणी नसतं, तिथे दप्तर वाटून काहीही होत नाही, धाकट्यासाठी पाळणाघर बघा, मोठी आपोआप येईल. वह्या, बूट, बसभाडं हे वर्षभर लागतं, आपण मात्र शाळा सुरू होताना एकदा देतो आणि विसरतो. आम्ही शिक्षक तरी काय कमी, 'माझे बाबा' निबंध द्यायचा आणि रडणाऱ्या पोराला विचारायचं काय झालं रे.

बाकी राहू दे, निदान फॉर्मवर 'पालक' छापतात त्याच्या शेजारी 'किंवा सांभाळणारी व्यक्ती' एवढं छापायला किती शाई लागते?

आपला,
एक निवृत्त शिक्षक