‘ऑडॅसिटी’चा डेक समजावून सांगणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

पत्रात नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नाव घालत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे पत्र असं जाहीर.

दुसऱ्या महायुद्धातल्या एचएमएस ऑडॅसिटी या ब्रिटिश विमानवाहू नौकेबद्दल मी वाचत होतो तेव्हा माझ्याकडे तारखा होत्या. मूळची ही जर्मन मालवाहू बोट ‘हॅनोव्हर’. १९३९ साली बांधलेली, कॅरिबियन बंदरांतून केळी आणणारी. मार्च १९४० मध्ये मोना सामुद्रधुनीत ब्रिटिश आणि कॅनडाच्या युद्धनौकांनी तिला गाठलं. खलाशांनी बोटीला आग लावली, ती बुडवायचाही प्रयत्न केला, तरी ब्रिटिशांनी आग विझवून बोट ओढत जमैकाला नेली. पुढे इंग्लंडमधल्या ब्लाइथच्या गोदीत वरचा सगळा डोलारा कापून काढला, त्यावर सपाट डेक ठोकला आणि जून १९४१ मध्ये ती विमानवाहू नौका म्हणून नौदलात आली.

हे सगळं मी तुम्हाला उत्साहानं सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, “हँगर कुठे?”

हँगर नव्हतंच. लिफ्टही नव्हती. डेकखाली विमान न्यायला जागा नाही, म्हणजे सहा-आठ मार्टलेट लढाऊ विमानं दिवसरात्र उघड्यावर. जुन्या विक्रांतवर विमानांची देखभाल केलेल्या माणसाला याचा अर्थ क्षणात कळला. मला मात्र तो कळायला तुमच्यासमोर बसून कागदावर रेघा माराव्या लागल्या. डेक सुमारे ४६० फूट लांब. विमानं मागच्या टोकाला उभी, त्यामुळे सर्वांत पुढच्या विमानाला धावायला सर्वांत कमी जागा. विक्रांतवर वाफेचा कॅटापल्ट, म्हणजे विमानाला झटक्यात पुढे फेकणारं यंत्र, होता. इथे विमानानं स्वतःच्या जोरावर उठायचं. जहाजाचा वेग जेमतेम १५ नॉट, तेव्हा वारा समोरून मिळावा म्हणून प्रत्येक वेळी जहाजानंच तोंड फिरवायचं. आणि एखादं विमान उतरायला आलं की बाकीची सगळी हातांनी ढकलत पुढे न्यायची, मग पुन्हा मागे. हलणाऱ्या, ओल्या डेकवर. “ढकलणारे किती होते, ते बघ,” असं तुम्ही म्हणालात. तोवर मी फक्त उडणाऱ्यांकडे बघत होतो.

दुरुस्तीचंही तसंच. दिवसा विमानं गस्तीवर, म्हणून काम रात्री. पाणबुड्यांच्या भीतीनं दिवे बंद, त्यामुळे झाकलेल्या टॉर्चच्या उजेडात. खारं पाणी इंजिनात, तोफांत, वायरिंगमध्ये जातं, थंडीत बोटं वळत नाहीत, हातातला पाना निसटला तर थेट समुद्रात, हे तुम्ही तुमच्या हातांकडे बघत सांगितलंत. मी कुठल्याही युद्धवृत्तांतात फिटरच्या बोटांबद्दल वाचलं नव्हतं.

आणि तरीही त्या विमानांनी काम केलं. तेव्हा फ्रान्समधल्या बोर्दोजवळच्या तळावरून फॉके-वुल्फ कॉन्डॉर ही चार इंजिनांची जर्मन विमानं येत, जहाजांच्या ताफ्याभोवती घिरट्या घालत आणि पाणबुड्यांना ठिकाण कळवत. जमिनीवरची ब्रिटिश लढाऊ विमानं इतक्या दूर पोहोचत नव्हती. काही व्यापारी जहाजांवर कॅटापल्टनं उडवायचं एखादं हरिकेन असे, पण त्याला परत उतरायला जागा नाही. काम झालं की वैमानिकानं समुद्रात उडी घ्यायची. ऑडॅसिटीचं विमान मात्र परत येऊन पुन्हा उडू शकत होतं. सप्टेंबर १९४१ मध्ये ओजी ७४ या ताफ्यासोबतच्या पहिल्याच फेरीत त्यांनी कॉन्डॉर पाडलं. नोव्हेंबरमध्ये ऑडॅसिटीवरच्या ८०२ स्क्वाड्रन या विमानतुकडीचे प्रमुख विंटूर कॉन्डॉरशी लढताना मारले गेले. तरुण वैमानिक एरिक ब्राउननं समोरून, कॉकपिटवर नेम धरून हल्ला करायची पद्धत इथेच आजमावली. ब्राउन पुढे फार नावाजला, आणि ते योग्यच. पण परत आलेलं त्याचं विमान रात्रभर कुणी उघडलं, तपासलं, पुन्हा भरलं, हा प्रश्न मला तुमच्यामुळे पडू लागला.

१४ डिसेंबर १९४१ ला जिब्राल्टरहून एचजी ७६ हा ताफा निघाला. ३२ व्यापारी जहाजं, संरक्षक दलाचे प्रमुख कमांडर वॉकर. ऑडॅसिटीवर उडण्याजोगी विमानं फक्त चार उरली होती. मला हा आकडा केविलवाणा वाटला होता. तुम्ही म्हणालात, तीन महिने उघड्यावर राहून चार उडतायत, ही शाबासकीची गोष्ट आहे. त्या चारांनी रोज गस्त घातली. १७ तारखेला त्यांतल्या एकानं यू-१३१ ही पाणबुडी ताफ्यापासून बरीच दूर असतानाच हेरली. संरक्षक जहाजांनी तिला पृष्ठभागावर यायला भाग पाडलं आणि शेवटी ती बुडाली, पण तिच्यावर झेपावलेला सब-लेफ्टनंट फ्लेचर तिच्या तोफांच्या माऱ्यात गेला. दोन दिवसांनी आणखी दोन कॉन्डॉर पाडली गेली.

२१ डिसेंबरच्या रात्री ऑडॅसिटी ताफ्याच्या बाहेर, एकटीच होती. तिथे जाऊ नये असं वॉकरचं मत होतं, पण ऑडॅसिटीचे कमांडर मॅकेन्ड्रिक हुद्द्यानं वरचे होते. जवळच एक व्यापारी जहाज टॉर्पेडोनं फुटलं, कुणीतरी प्रकाशगोळे उडवले आणि त्या उजेडात ऑडॅसिटीची आकृती यू-७५१ या जर्मन पाणबुडीला स्पष्ट दिसली. पहिला टॉर्पेडो इंजिनरूमपाशी लागला, जहाज जागीच थांबलं; नंतर आणखी दोन. ७३ माणसं गेली, मॅकेन्ड्रिकही गेले. या भागावर तुम्ही काहीच बोलला नाहीत आणि मीही विचारलं नाही. मात्र ताफ्यातली ३२ पैकी ३० व्यापारी जहाजं घरी पोहोचली, हे तुम्ही माझ्याकडून दोनदा वदवून घेतलंत.

ऑडॅसिटीची सेवा जेमतेम सहा महिन्यांची. पण मालवाहू सांगाड्यावरच्या छोट्या विमानवाहू नौका किती उपयोगी पडतात हे तिनं लढाईत दाखवून दिलं आणि पुढे अमेरिकेनं अशा नौका डझनांनी बांधल्या. ब्रिटननं १९ व्यापारी जहाजांवर तर मालवाहतूक तशीच चालू ठेवून वर डेक बसवला. त्यांतली ६ धान्याची आणि १३ तेलाची. हीच दोन का, हे मला कुठे सापडेना. तुम्ही चहाचा कप खाली ठेवायच्या आत सांगितलंत: डेक टाकला की मोठी झाकणं आणि क्रेन गेल्या, मग जो माल नळीतून भरता-काढता येतो तोच नेता येईल. धान्य आणि तेल. माल नळ्यांतून हलवता येतो म्हणूनच वर डेक बसवता आला.

हे सगळं तुम्ही गुडघे दुखत असताना, इतके दिवस, एकदाही घड्याळाकडे न बघता सांगितलंत. माझ्या टिपणांत आता वैमानिकांच्या शेजारी फिटर, विमानाचा सांगाडा सांभाळणारे रिगर आणि विमानं ढकलणारे आहेत. ते तुमच्यामुळे आले. मनापासून आभार, काका. टिपणं लिहून झाली आहेत. वाचून कुठे पाना चुकीच्या नटला लागलाय ते दाखवा. येत्या आठवड्यात घेऊन येतो.

तुमचा ऋणी,
एक वाचक